तिरोडकर बाई आणि वाढता दर्या

रेवाळे हे गाव म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेकडच्या घरांत दर्याचा आवाज दिवसभर असतो, पूर्वेकडच्या घरांत खाडीतल्या होड्यांचा. मालवणहून येणारी एसटी गावाच्या तोंडाशीच थांबते. पुढे रस्ता आहे, पण तो वाळूत कुठे संपतो हे ड्रायव्हरला सांगता येत नाही. या गावच्या हायस्कुलात लीला तिरोडकर विज्ञान आणि भूगोल शिकवीत असत. त्यांच्याकडे पहिल्या वर्षी शिकलेल्या मुलींची मुलं त्यांच्याच वर्गात येऊ लागली होती, त्या सुमाराची ही हकिकत.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. कोल्हापूरला मावशीकडे राहून त्यांनी बी. एस्सी. केलं, आणि मालवणच्या पोस्टात नोकरीला असलेल्या अप्पा तिरोडकरांशी लग्न होऊन त्या रेवाळ्यात आल्या. उंच, किडकिडीत बांधा, सुती पातळ, चालताना छत्री काठीसारखी टेकायची. शाळेत आणि शाळेत शिकून गेलेल्यांशी त्या पुस्तकी मराठीत बोलत. घरात पाऊल टाकलं की मालवणी.

वर्गात त्यांचा एक शब्द ठरलेला होता: "कशावरून?" पाणी शंभर अंशांना उकळतं असं मुलगा म्हणाला की बाई विचारणार, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हणून सांगितलं की पुस्तकवाल्याला कशावरून कळलं ते विचारणार. मुलांनी त्यांना 'कशावरूनबाई' हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. बर्फाच्या लाद्या पुरवणारा मेहबूब एकदा तक्रार घेऊन आला. "बाई, माजो झील घरात आता माका इचारता, तू माजो बापूस कशावरून म्हणून. ह्या काय शिकवतास?" बाई म्हणाल्या, "त्याचं उत्तर त्याच्या आईकडे आहे. तिला विचारायला सांगा." मेहबूब हसत परत गेला आणि गावभर ते सांगत सुटला.

त्यांना मूल नव्हतं. अप्पांचा धाकटा भाऊ बाळा हाच त्यांच्या हाताखाली वाढला. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो चौथीत होता. मॅट्रिकला तो दोनदा आपटला. तिसऱ्या खेपेला बाईंनी त्याला चुलीसमोर पाटावर बसवून, एकीकडे भाकऱ्या थापत, बीजगणित घोकून घेतलं आणि तो सुटला. पुढे त्याने ट्रक घेतला, आणि चौऱ्याऐंशीच्या आसपास खाडीच्या मुखातली रेती काढायचा परवाना मिळवला. तो वाईट माणूस नव्हता. गावात कोणी अडलं तर त्याचा ट्रक कुठल्याही वेळी दारात उभा राहत असे. साप चावलेली माणसं, अडलेल्या बाळंतिणी त्याने मालवणला पोहोचवल्या होत्या. फक्त त्याच्या होड्या वाढत गेल्या. आधी माणसं बुडी मारून टोपल्यांनी रेती काढत, नंतर पंप आले.

त्याच वर्षांत समुद्र गाव खाऊ लागला. आधी किनाऱ्यावरची सुरूची झाडं गेली, मग माड. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात धोंडू नावाच्या एका रापणकराच्या घराचा मागचा भाग गेला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. धोंडू त्या माणसांचा म्होरक्या. चूल, पाट्याची जागा आणि दोन माड एका भरतीत गेले. धोंडूने गावात सही-अंगठे गोळा केले आणि बाळा तिरोडकराचा रेतीचा परवाना रद्द करावा असा अर्ज वर पाठवला. रेती खाडीतून गेली म्हणून दर्या आत आला, असं त्याचं म्हणणं होतं. गावातल्या पुष्कळांना ते पटत होतं. बाळाकडे कामाला असलेल्यांना पटत नव्हतं. तिरोडकरांच्या घरात हा विषय निघत नसे.

त्याच वर्षी पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत एक नवीच गोष्ट छापून येऊ लागली होती. पृथ्वी तापते आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने जो वायू हवेत जमतो, त्याने उष्णता कोंडली जाते. बर्फ वितळेल, समुद्र चढेल. बाईंनी मुंबईच्या चुलतभावाकडून कात्रणं मागवली आणि रेडिओवरची भाषणं कान लावून ऐकली. किराणा दुकानदार हसन ग्रामवाचनालयाचा चिटणीस होता. दिवाळीनंतर वाचनालयाच्या वर्धापनदिनाला वक्ता मिळेना, तेव्हा तो बाईंकडे आला. "बाई, कायतरी नवा सांगा. गेल्या वर्षी दंतवैद्य इल्लो, लोक झोपले."

बाईंनी विषय घेतला 'पृथ्वीचा ताप'.

सायंकाळी शाळेच्या पटांगणात पेट्रोमॅक्स लावून सभा भरली. बाईंनी काचेच्या घराचं उदाहरण टाळलं, कारण तसं घर रेवाळ्यात कोणी पाहिलं नव्हतं. गोधडीचं दिलं. गोधडी स्वतः तापत नाही, पण अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपण पृथ्वीवर एकावर एक गोधड्या टाकतो आहोत. मग त्यांनी प्रयोगशाळेतला काचेचा चंबू काढला. त्यात लाल शाई घातलेलं पाणी काठोकाठ होतं आणि बुचातून एक बारीक नळी वर आली होती. खाली स्पिरिटचा दिवा लावला. लोक पुढे सरकले. नळीतलं लाल पाणी हळूहळू वर चढू लागलं. बर्फ एक थेंबही न वितळता, नुसतं तापल्याने पाणी जागा जास्त मागतं, असं बाई म्हणाल्या. समुद्राचंही तेच.

लोकांना ते फार आवडलं. टाळ्या झाल्या. मागून धोंडू उठला.

"मगे बाई, माजी रांदपाची खोली ह्या गोधडीन खाल्ल्यान काय?"

हशा पिकला. बाई म्हणाल्या, "समुद्र चढतो आहे हे खरं. पण गेल्या शंभर वर्षांत चार-सहा इंच, असं मोजणारे सांगतात. तुमच्या घराचं कारण वेगळं असलं पाहिजे. ते तपासायला हवं." हे वाक्य त्या नीटच बोलल्या, पण तेवढ्यात चहाची किटली आली आणि लोक उठले. पहिल्या रांगेत बाळा बसला होता. त्याने चहा घेतला नाही. तो नळीतल्या लाल पाण्याकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला. बाई तांदूळ निवडत होत्या.

"वयनी, तू माका वाचयलंस."

"कशातून?"

"अर्जातून. दर्या सगळ्या जगात चढता मा? मगे रेवाळ्यात चढलो तर तेका माजी रेती कशी काय कारण?"

"मी तसा म्हणूक नाय. मी म्हटलंय चार-सहा इंच. धोंडूचा घर इंचांनी जाऊक नाय."

"दर्या चढता ह्या तर म्हटलंस?"

"म्हटलंय."

"झाला तर. अर्धा तू म्हटलंस, उरलेला अर्धा मी म्हणतंय." तो उठला आणि सुपातले चार दाणे तोंडात टाकून बाहेर गेला. बाईंना वाटलं, थट्टा आहे.

ती थट्टा नव्हती. येत्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि बाळा एका पॅनेलचा पुढारी होता, धोंडू दुसऱ्याचा. आठ दिवसांत हिरव्या कागदावर छापलेली पत्रकं वाड्यावाड्यांत फिरली. 'समुद्र जगभर वाढत आहे. शास्त्रज्ञांचा इशारा. रेतीचा काहीही संबंध नाही. पक्का बंधारा हाच उपाय.' खाली बारीक अक्षरात होतं: 'आधार: सौ. लीला तिरोडकर, बी. एस्सी., बी. एड., यांचे व्याख्यान.' बंधारा झाला असता तर त्याचा दगड आणि रेती कोणी पुरवली असती हे गावाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

बाळाने चंबूही सोडला नाही. शाळेचा शिपाई लवू याच्याकडून त्याने तो मागून घेतला आणि प्रत्येक वाडीच्या सभेत लाल पाणी चढवून दाखवायला सुरुवात केली. दिवा, नळी, बूच सगळं तो सराईतपणे जुळवू लागला. बाईंपेक्षा त्याचं बोलणं रंगत असे. एका सभेत त्याने दिवा जरा जास्तच मोठा ठेवला आणि चंबू तडकला. लोक मागे सरले. बाळा म्हणाला, "बघितलास? आमी आताच बंधारो बांधूक नाय तर ह्याच होतला." त्या सभेत सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. दुसरा चंबू त्याने कोल्हापूरहून मागवला, आणि शाळेलाही एक भरून दिला.

धोंडूच्या बाजूने आधी साधं उत्तर दिलं होतं: समुद्राचं जगात काय व्हायचं ते होवो, इथे रेती थांबवा. पण चंबूपुढे ते उत्तर फिकं पडू लागलं. मग त्यांनी उत्तर बदललं. पृथ्वी तापते ही थाप आहे. हे ठेकेदारांनी पैसे देऊन छापून आणलंय. यंदा माघात कधी नव्हे इतकी थंडी पडली, ती कुठून आली? मुंबईहून सुट्टीला आलेल्या कोणीतरी सांगितलं की गिरगावच्या चौपाटीवर समुद्र आहे तिथेच आहे. देवळाजवळच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: 'दर्या वाढणा नाय, रेती सरता.' यातलं दुसरं अर्धं बाईंना बरोबर वाटत होतं आणि पहिलं चूक. बाळाच्या हिरव्या पत्रकाचं नेमकं उलट होतं.

वर्गातही ते शिरलं. नववीला उष्णतेने होणारं प्रसरण शिकवायचं होतं. ते अभ्यासक्रमातच होतं, त्याचा निवडणुकीशी संबंध नव्हता. तापवल्यावर द्रवाचं काय होतं, असं बाईंनी विचारलं. रापणकरांच्या वाडीतल्या मुलांनी हात वर केले नाहीत. त्यांना उत्तर येत नव्हतं असं नाही. दुसऱ्या बाजूच्या मुलांनी मात्र एका सुरात ओरडून सांगितलं, "वाढतं." बाईंना गप्प बसलेल्यांचं वाईट वाटलं, पण त्या ओरडण्याचं जास्त वाटलं. नेहमीच्या सवयीने त्यांनी "कशावरून?" विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, "बाळाकाकांनी सांगितलं." फळ्यावर आकृती काढून त्यांनी तो तास संपवला.

धोंडूची सून यशोदा बाईंची जुनी विद्यार्थिनी. घर अर्धं गेल्यापासून धोंडूचं कुटुंब मेहबूबच्या रिकाम्या मांगरात, म्हणजे आवारातल्या पडवीवजा खोलीत राहत होतं. बाई एका रविवारी तिथे गेल्या. यशोदा दारात मासे साफ करीत होती. तिने हात धुतले, गोणपाट अंथरलं आणि पाणी आणून दिलं.

"बाई, एक मागू?"

"माग."

"अर्जाच्या चौकशीक साहेब येतलो. तुमी तेका सांगा, ता पृथ्वी तापता बिपता सगळा खोटा आसा. एकदा सांगा, बास. तुमचा नाव घेऊन ते आमका गप करतत."

"पण ते खोटं नाही, यशोदा."

"मगे आमचा घर कोणी खाल्ल्यान?"

"रेती गेल्यामुळे गेलं. बहुतेक."

"बहुतेक?"

बाईंनी समजावायचा प्रयत्न केला. सह्याद्रीतून नदी रेती आणते, खाडीच्या मुखातून ती समुद्रात जाते आणि लाटा ती आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतात. ती वाटेतच उचलली तर किनाऱ्याला काही मिळत नाही, आणि समुद्र मात्र न्यायचं ते नेत राहतो. पण सुरूची झाडंही त्याच वर्षांत तुटली. उत्तरेला नवा धक्का झाला, त्यानेही लाटांची दिशा थोडी बदलली असेल. यातलं किती कशामुळे, ते कोणी मोजलेलं नाही.

यशोदाने सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुमचो दीर 'बहुतेक' म्हणणा नाय," ती म्हणाली. "माझो सासरोही म्हणणा नाय. तुमी एकट्याच म्हणतास." तिच्या आवाजात राग नव्हता. तिने परत विळी पुढे ओढली. बाई उठल्या आणि निघाल्या.

घरी त्यांनी अप्पांना विचारलं, काय करू? अप्पा कधी कोणाची बाजू घेत नसत. पोस्टात आयुष्य गेल्याने आलेली गोष्ट उघडायची नाही, पोचवायची, ही त्यांची सवय झाली होती. ते म्हणाले, "तुका काय म्हाईत आसा ता सांग. नाय ता सांगू नको." मग रेडिओचा कान पिळून त्यांनी बातम्या लावल्या.

चौकशी मार्चमध्ये शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. जिल्ह्याच्या कचेरीतून, ओरोसहून, एक अधिकारी आले होते. तरुण होते, घामाघूम झाले होते, आणि संध्याकाळच्या आत त्यांना आणखी एका गावची चौकशी उरकायची होती. एका बाजूला धोंडूची माणसं, दुसऱ्या बाजूला बाळाची, मधे जाण्यायेण्यापुरती वाट. धोंडू बोलला, बाळा बोलला. बाळाने चंबू आणला होता, पण अधिकाऱ्यांनी तो लावू दिला नाही. मग त्यांनी विचारलं, "ज्यांच्या व्याख्यानाचा उल्लेख आहे त्या तिरोडकर बाई आल्या आहेत का?"

बाई मागून पुढे आल्या. छत्री त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

"पृथ्वीचं तापमान वाढतंय आणि समुद्र चढतोय," त्या म्हणाल्या, "हे जगातले पुष्कळ अभ्यासक सांगतात, आणि त्यांनी दिलेली कारणं मला पटतात."

रापणकरांच्या बाजूने गलका झाला. "दिराची वकिली" असं कोणीतरी म्हणालं. बाई थांबल्या, आवाज खाली बसू दिला.

"पण ही वाढ शंभर वर्षांत फार तर वीतभराची आहे. आपला किनारा चार पावसाळ्यांत एका शेताएवढा मागे आलाय. वीतभर पाण्याने एवढं होत नाही. खाडीच्या मुखातून रेती काढणं हे यातलं मोठं कारण असावं असं मला वाटतं. ते बंद करून दोन वर्षं किनारा मोजून पाहावा."

आता दुसऱ्या बाजूने गलका झाला.  बाळा खाली पाहत होता.

अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "बाई, मला हे अहवालात एका ओळीत घालायचंय. तुम्ही अर्जाच्या बाजूने की विरुद्ध?"

"अर्जात मागणी बरोबर आहे. भाषणात मात्र चूक सांगितलं जातंय."

"कोणाच्या भाषणात?"

"दोघांच्याही."

"म्हणजे विरुद्ध?"

"नाही."

अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. ते उद्धट नव्हते. "तुमचं म्हणणं मला कळलं," ते हळू आवाजात म्हणाले, "पण मला ते असं लिहिता येणार नाही." त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं. नंतर हसनने कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडून काढलं, तेव्हा कळलं की बाईंच्या नावापुढे 'म्हणणे संदिग्ध' असा शेरा होता.

बाहेर पडताना दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्या अंगावरून निघून गेली. हसन तेवढा थांबला. "बाई, तुमी एका बाजूक गेल्यात असत्यात तर निदान अर्धो गाव तरी तुमच्याशी बोललो असतो," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "मुलांची परीक्षा जवळ आली आहे, वाचनालय रविवारीही उघडं ठेवाल का?" हसनने ठेवलं.

त्यानंतर तिरोडकरांच्या घरात जेवणं दोन पंगतींत होऊ लागली. बाळा आणि त्याची बायको आनंदी आधी जेवून घेत. आनंदी बाईंशी बोलायची, पण बाळा घरात असताना नाही. चंबू फळीवर पडून होता. बाळा वाड्यांत जाई, पण आता त्याच्या भाषणात बाईंचं नाव नसे. धोंडूची माणसं मात्र ते मुद्दाम घेत, 'घरचीच बाई काय म्हणाली ते विचारा' म्हणून. त्यातही त्यांनी अर्धंच उचललं होतं.

मे महिन्यात अप्पांनी शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरात त्यांनी कारण सांगितलं ते असं: "हिका चालूचा लांब पडता. गुडघो दुखता." बाईंचा गुडघा दुखत नव्हता. खाट, पुस्तकं, स्टोव्ह आणि रेडिओ नेण्यासाठी बाळाने स्वतःच ट्रक पाठवला. तो स्वतः आला नाही.

निवडणूक धोंडूच्या पॅनेलने जिंकली. नव्या पंचायतीने पहिल्याच बैठकीत रेतीविरुद्ध ठराव केला, वरून परवान्याला स्थगिती आली आणि खाडीचं मुख एक पावसाळा मोकळं राहिलं. त्या पावसाळ्यात समुद्राने काही घेतलं नाही. ते रेती थांबल्यामुळे, की वारे तेवढे जोराचे नव्हते म्हणून, हे एका पावसावरून सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. ते ऐकायला त्या वेळी फक्त अप्पा होते. पावसाळा सरताच खाडीत वरच्या अंगाला नव्या होड्या लागल्या. ठेकेदार कणकवलीकडचा होता आणि त्याचा भागीदार धोंडूचा पुतण्या. तिथून काढलेल्या रेतीने काही होत नाही, असं आता धोंडू सांगू लागला. अर्ज करायला या खेपेला कोणी पुढे आलं नाही.

शाळेच्या समितीतही माणसं बदलली होती. नव्या अध्यक्षांनी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मुख्याध्यापकांनी बाईंना, चहा मागवून. "तो पृथ्वीच्या तापाचा विषय तेवढा वर्गात नको, बाई. अभ्यासक्रमात नाहीच, आणि पालक दोन्हीकडचे आहेत."

"अभ्यासक्रमात नाही हे खरं आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून म्हणतो."

"एखाद्या मुलाने विचारलं तर?"

मुख्याध्यापकांनी कप बशीत ठेवला. "विचारलं तर काय... तुम्ही उत्तर देणारच," ते म्हणाले. त्या वर्षी कोणी विचारलं नाही.

यशोदाने खाडीच्या बाजूला लहानसं घर बांधलं. वास्तुशांतीला तिने बाईंना बोलावलं. बाई गेल्या. सासऱ्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, एवढंच. यशोदाने त्यांना नवी चूल दाखवली, धुराड्याची जागा दाखवली, आणि निघताना पिशवीत कोकमाची सोलं घातली.

नव्या होड्या लागायच्या आधीच, सप्टेंबरात, गणपती आले. तिरोडकरांचा गणपती मूळ घरात. कोकणात कितीही वाकडं आलं तरी त्या दिवशी सगळ्यांनी एका माटवीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, यायचं असतं, आणि ते बोलावण्यावाचूनही यायचं असतं. तरी बाळा आदल्या संध्याकाळी खोल्यांवर आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"वयनी, मोदक आनंदीक जमणत नाय."

"येतंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, दुपारच्या पंगती उठल्या. मागाहून घरचेच तेवढे बसले. अप्पा, बाळा आणि वाढायला बाई. आनंदी मुलांना निजवत होती. बऱ्याच दिवसांनी दोघे भाऊ शेजारी बसले होते. बाळाने भात कालवला. मग म्हणाला, "तुज्यामुळे माजो इलेक्शन गेला."

"गेला तसाही असता."

"असता," बाळाने कबूल केलं. "पण तू माज्या बाजून का बोलूक नाय? निदान गप तरी रवची होतीस."

"माका इचारल्यानी म्हणान सांगितलंय."

"पण दर्या चढता असाही सांगितलंस. ता कित्या? थंय धोंडूचे लोक सगळे तुज्यावर उठले. तेंका बरा वाटात असा सांगतंस, तर निदान एक बाजू तरी तुज्याकडे रवली असती."

"चढता म्हणान सांगितलंय."

बाळाचा हात ताटावर थांबला. "म्हणजे ता खरा आसा?"

बाईंना प्रश्न कळलाच नाही. "काय खरा?"

"तो दर्या. चंबू, गोधडी. माका वाटला, तू वाचनालयासाठी कायतरी मजेचा सांगितलंस." तो अप्पांकडे वळला. "दादा, तुका काय वाटता?"

"हिका वाटता," अप्पा म्हणाले, "म्हणजे आसतला."

बाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर पाटावर बसल्या. वाड्यावाड्यांतून त्याने ती गोष्ट किती वेळा सांगितली होती, हे त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. पण त्या तसं काही बोलल्या नाहीत. त्याला बीजगणित समजावलं होतं तशाच आवाजात त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. किती चढला, पुढे किती चढेल असं म्हणतात, त्यातलं काय नक्की आणि काय अंदाजाने. तो मधे मधे प्रश्न विचारत होता, आणि ते प्रश्न चांगले होते.

"ह्या घरापर्यंत येतलो?"

"आमच्या हयातीत नाय. आनंदीच्या नातवंडांचा माका सांगूक येणा नाय."

बाळाने ताटातला भात संपवला. पाणी प्यायला. खाडीपलीकडे वर सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, तिरोडकरांची काजूची जागा होती. ती विकायचं बोलणं त्याने चालवलं होतं, अप्पांची सही तेवढी राहिली होती.

"दादा," तो म्हणाला, "ती वरची जागा रवान दे. विकूची नाय."

"बरा," अप्पा म्हणाले.

बाईंनी त्याला आणखी एक मोदक वाढला आणि त्यावर तूप सोडलं.

बाळाने पुढे दोनदा निवडणूक लढवली, एकदा जिंकलाही, पण समुद्र चढतोय हे त्याने जाहीर सभेत पुन्हा कधी काढलं नाही. त्या दिवाळीनंतर त्याने सड्यावरच्या जागेला चिऱ्याचा गडगा घालून घेतला. कोणी विचारलं तर तो सांगायचा, गुरं शिरतात.